नेसायची का द्यायची?

आमच्या भागात साडीच्या दुकानाची पायरी चढून गादीवर टेकलं की पाण्याच्या ग्लासाआधी प्रश्न येतो. "नेसायची दाखवू का द्यायची?"

बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही. नेसायची साडी म्हणजे जी तुम्ही घरी नेऊन खरोखर अंगाला लावणार. द्यायची म्हणजे आहेराची. लग्न, बारसं, वास्तुशांती, कुणी हजला निघालं, कुणी हजहून आलं, कुठंही मांडीवर ठेवता येईल अशी. दोन्हींचे गठ्ठे वेगळे, कपाटं वेगळी आणि दाखवणाऱ्याचा चेहराही वेगळा. द्यायची साडी लांबून बरी दिसली म्हणजे झालं. पहिल्या धुण्यात तिचं काय होईल ही घेणारीची काळजी, आणि घेणारीही ती सहसा नेसत नाहीच. पुढच्या लग्नात पुढे सरकवते. आमच्या तालुक्यात अशा कितीतरी साड्या असतील, ज्यांनी अजून एकही बाई पाहिलेली नाही, फक्त पिशव्या पाहिल्या आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पगार माझा, पर्स माझी, आणि त्या प्रश्नाला तीसेक वर्षं माझं उत्तर एकच, "द्यायची." सासरचा गोतावळा एवढा मोठा की दर उन्हाळ्यात दुकानदार मला बघूनच त्या कपाटाकडे वळायचा. मग मी काय नेसायचे? मला दिलेल्या. म्हणजे मी निवडलेल्या साड्या दुसऱ्या बायका नेसत होत्या आणि दुसऱ्यांनी निवडलेल्या मी. स्वतःच्या आवडीची एक साडी नेसून चार माणसांत उभं राहायचं, एवढीच माझी इच्छा होती. ती पूर्ण व्हायला मुलाचं लग्न उजाडावं लागलं, आणि तेव्हाही ती सरळ वाटेनं आली नाही.

माझं माहेर मंठ्याचं. लहानपणी दिवाळीला वडील एक अख्खं ठाण आणायचे. त्यात आम्हा बहिणींचे फ्रॉक, भावाचा शर्ट, उरलेल्यात उशांचे अभ्रे. दिवाळीच्या सकाळी आम्ही ओळीनं बसलो की कोण पोरगी आणि कुठली उशी हे पाहुण्यांना नीट बघून ठरवावं लागे. शिंप्याला आईची एकच सूचना असायची, वाढत्या अंगाचं शिवा. फ्रॉकच्या खाली चांगली वीतभर दुमड घातलेली असे, ती दरवर्षी थोडी उसवायची. फ्रॉक मला बराबर बसेपर्यंत तो विटलेला असायचा, आणि विटेपर्यंत तो मोठाच असायचा. आयुष्यात आपल्या मापाचं काही असतं हे मला फार उशिरा कळलं.

त्याच दिवसांत गावातल्या दवाखान्यात एक सिस्टरबाई होत्या. एरवी पांढऱ्या कपड्यात, पण आठवडी बाजाराला गर्द जांभळी साडी नेसून यायच्या. हातात पिशवी, भाजीवाल्याशी हुज्जत, कुणाच्या मिंध्या नाहीत. मला वाटलं, बाईनं असं असावं. नर्स होणं काही जमलं नाही. जांभळा रंग मात्र डोक्यात बसला तो बसलाच.

पुढे माझं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायचा दिवस आला. आमच्याकडे लग्नाच्या सगळ्या कपड्यांची खरेदी एकाच दिवशी, एकाच दुकानात, दोन्ही घरांनी मिळून करायची. तिला बस्ता म्हणतात. दोन जीप भरून माणसं जालन्याला गेली. मामा, मावश्या, सोयरिक जुळवणारे, सोयरिक मोडू पाहणारे, सगळे. नवरी सोडून. नवरीनं बस्त्याला जायचं नाही अशी तेव्हाची रीत. शालू माझ्या मावसबहिणीच्या खांद्यावर टाकून बघितला, कारण तिचा रंग माझ्यापेक्षा उजळ आणि तिच्यावर काहीही शोभायचं.

मी वडिलांना आदल्या दिवशी हळूच म्हणाले होते, "मला जांभळा."

संध्याकाळी ते आले ते राणी रंगाचा शालू घेऊन. म्हणाले, "जांभळ्यात बराबर माल नव्हता, बाई."

मी मान्य केलं. लग्नाच्या दिवशी अंतरपाट दूर झाला, आणि नवऱ्याकडे बघायच्या आधी मला त्याच्या शेजारी उभी असलेली करवली दिसली. माझी थोरली नणंद. अंगावर गर्द जांभळी, जरीकाठाची, बराबर मालाची साडी. आमच्याच बस्त्यातली. करवलीचा मान मोठा, तिला खूष ठेवलं नाही तर मुलीला सासरी जड जाईल, असा हिशेब वडिलांनी केला असणार. मला राग वडिलांचा यायला हवा होता. तो तितका नाही आला. तो सगळा नणंदेच्या वाट्याला गेला, आणि मी तो नीट घडी घालून पुढची कित्येक वर्षं जपला.

ही नणंद तीर्थपुरीला दिलेली. मी तिला आक्का म्हणते. स्वभावानं फटकळ, बोलायला लागली की समोरच्याला हुंकार द्यायलाही फट ठेवत नाही. तिला आहेर करताना मी प्रत्येक वेळी जांभळा सोडून बाकीचे सगळे रंग दिले. तेवढाच सूड.

नवऱ्याला कपड्यांतलं काही कळत नसे. दुकानात तो कधी आत आलाच नाही. "तुला पायजे ती घे की," म्हणायचा आणि बाहेर मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवायचा. एवढ्या मोकळ्या परवानगीनंतर दोन मिनिटांनी हॉर्न. मग आतून मी, "चला, दाखवा द्यायच्यातल्याच," म्हणत चार साड्या उचलायचे. मधे शाळेत सलवार-कमीज चालू झाले तेव्हा घरात मोठी चर्चा झाली. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांचं म्हणणं, "डोक्यावर पदर कशाचा घेशील मंग?" ओढणीचा घेईन म्हटल्यावर त्यांनी ओढणी हातात घेऊन उजेडात धरली, आरपार बघितलं आणि परत दिली. तो विषय संपला. गाऊन मात्र बिनविरोध घरात आला, कारण तो कुणी बाहेर बघत नाही. आमच्या गावात बाईला हवं ते घालता येतं, फक्त ते कुणी बघायचं नसतं.

पाच वर्षांपूर्वी नवरा गेला. शेतातून आला, ओसरीवर टेकला, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत तो राहिला नव्हता. यात मला विनोद करता येत नाही. मला तो आवडायचा, हे त्याच्या हयातीत मी त्याला सांगितलं नाही, कारण असं काही सांगतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. अजूनही दुकानात बसले की बाहेरच्या हॉर्नकडे कान जातो.

तेराव्याला माणसं आली, साड्या आल्या. पहिली बदामी. दुसरी राखाडी. तिसरी बिस्किटी, चौथीही बिस्किटीच, पण क्रीमच्या बिस्किटाची. कुणी मला काही म्हणालं नाही. आता तू असं नेसायचं, असं एका शब्दानं कुणी बोललं नाही. फक्त पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशात माझ्या मांडीवर जी पिशवी पडली तिच्यात चहात बुडवण्याचाच रंग निघाला. वर्ष-दोन वर्षांत माझं कपाट उघडलं की बेकरीत आल्यासारखं वाटायला लागलं. शाळेत पहिलीच्या पोरांना मी तक्त्यावर रंग शिकवते. एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमच्या साडीचा रंग तक्त्यावर कुठाय?" मी छडी फिरवून फिरवून शोधला. नव्हता.

मग मुलाचं लग्न ठरलं. तो पुण्याला नोकरीला, मुलगी परतूरची, तीही नोकरीवाली. बस्ता जालन्यालाच. काळ बदलला म्हणतात तो या बाबतीत खरंच बदललाय, कारण आता नवरी स्वतः बस्त्याला येते आणि बाकीचे आले काय, न आले काय, तिचं काही अडत नाही. आक्का येणार होत्या, पण त्यांचे गुडघे धरले होते. फोनवर म्हणाल्या, "तुमच्या मनानं घ्या. मला कधी कोणी इचारलंय?" मी ते नेहमीचं टोचणं समजून सोडून दिलं.

होणाऱ्या सुनेनं दुकानदाराला फोनमधला एक फोटो दाखवला. "असा पेस्टल हवा. एकदम लाइट. भडक काही नको."

त्यानं जे काढून पसरलं ते बघून मी चष्मा पुसला. बिस्किटी. अस्सल, माझ्या कपाटातली बिस्किटी, फक्त तिच्यावर मोती आणि टिकल्या. पोरगी खुलली. "हाच," म्हणाली. ज्या रंगासाठी मला नवरा गमवावा लागला तो हिनं नवरा मिळताना मागून घेतला. मी म्हटलं, छान आहे. खरंच छान दिसत होती ती त्यात.

आता वरमाईची साडी. मुलाच्या आईला मुलीकडून मानाची साडी घेतात, आणि एरवी ती सगळ्या बस्त्यात भारी असते. विहीणबाई स्वभावानं गरीब. त्यांना कळेना कसं बोलावं. त्या दुकानदाराकडे वाकून हळू म्हणाल्या, "त्यांना जरा... सोबर दाखवा."

सोबर. आमच्याकडे विधवेला आता कुणी विधवा म्हणत नाही. शिकलेली माणसं आहेत. सोबर म्हणतात. दुकानदारानं समजून मान हलवली आणि सायीच्या रंगाची, काठाला जेमतेम जर असलेली एक साडी माझ्यापुढे उलगडली. पोत चांगला होता, मन लावून निवडली होती. मी हो म्हटलं. त्या बाईला तरी किती अवघडवायचं.

सगळे वर हॉलमध्ये सुनेचा शालू बघायला गेले आणि मी खाली एकटी उरले. तेव्हा समोरच्या फळीवर ती दिसली. गर्द जांभळी, हिरव्या काठाची. मी बोट दाखवलं. दुकानदारानं ती माझ्यापुढे अर्धी सोडली आणि मी तिच्यावरून हात फिरवला, नको तितका वेळ फिरवला. त्यानं सवयीनं विचारलं, "नेसायची का द्यायची, बाई?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी रोज चाळीस पोरांपुढे मोठ्यानं बोलणारी बाई. पण जिन्यावर विहीणबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "द्यायची. नणंदेला."

त्यानं पिशवीवर पेनानं ठळक 'नणंद' लिहिलं. मी मनात ठरवलं, घरी गेल्यावर पिशवी बदलू, आक्कांना दुसरी देऊ. आणि दुकानदाराला हळूच सांगितलं, "हिला फॉल-पिको करून ठेवा." ते काम आठवड्यानं मिळणार होतं. आठवड्यानं मुलगा पुण्याहून येता येता जालन्याच्या दुकानात गेला, पिशवीवरचं नाव वाचलं आणि पोरगं शहाणं म्हणून वाट वाकडी करून साडी सरळ तीर्थपुरीला पोचवून आला. "आत्याला ब्लाउज शिवायला वेळ नको का मिळायला?" म्हणाला. शाबासकीच्या अपेक्षेनं उभा राहिला. मी चहा टाकला.

तेवढ्यावर मी हात टेकले. एकदा दिलेला आहेर मागायचा कसा? पुन्हा तोच रंग, पुन्हा तीच बाई. जुन्या घडीला नवी इस्त्री झाली. माझा विषय संपला, सायीच्या रंगात मुलाचं लग्न लावायचं, असं मी स्वतःला बजावलं आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

लग्न परतूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. सकाळी बायकांच्या खोलीत मी सायीची साडी उलगडून बसले होते. आक्का गुडघे धरत आल्या, रोजच्याच साडीत, काखेत ती पिशवी. दार लोटलं, आणि पिशवी माझ्यापुढे टाकली.

"ही कामून दिली मला? मला जांभळा बिलकुल आवडत न्हाई."

मी म्हटलं, "आक्का, माझ्या लग्नात तुम्ही..."

"त्याच्यामुळंच तर. तुह्या बापानं गळ्यात घातली. मला राणी पायजे होती. दुकानात बोलले बी म्या. म्हणले, राणी नवरीला घेतलाय, करवलीला चालत न्हाई. साऱ्या लग्नात तुह्या अंगावरला शालू बघून राह्यले होते मी. दोन वर्षं तुह्याशी नीट बोलले न्हाई, आठवतंय का?"

आठवत होतं. मी ते सासर म्हणून सोसलं होतं. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींची साडी नेसून मांडवात समोरासमोर उभ्या होतो आणि तेवढ्या कारणावरून अर्धं आयुष्य तोंडं वाकडी करून काढलं. मला हसू यायला लागलं. आक्कांना नाही आलं. त्यांनी साडी उलगडून तिचा खालचा काठ माझ्यापुढे धरला.

"आन् हे काय? द्यायच्या साडीला फॉल लावतं का कोणी?"

 खरंच कुणी लावत नाही. जिला नेसायची तीच लावून घेते, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक आहे. माझी चोरी काठालाच शिवलेली होती.

"तुला घेतल्ती ना?"

"हो."

"मंग नेसायची तर नेस की."

"लोक काय म्हणतील, आक्का? वरमाय, आणि हा रंग..."

त्यांनी वाद न घालता साडी काखेत घेतली. त्यांच्यासाठी हे नवीनच. मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेरच्या साऱ्या बायकांना आत बोलावलं. जावा, मावश्या, शेजारणी, अंगणवाडीच्या बाई, एक हातात पोह्यांची बशी घेऊन आली. सगळ्यांदेखत आक्कांनी साडीची घडी घातली, वर ब्लाउज ठेवला आणि माझ्या मांडीवर दिली.

"भावजयीला माह्याकडून आहेर," त्या म्हणाल्या. "आजच नेसायचा. माहा मान हाय."

नणंदेचा आहेर, तोही लग्नाच्या दिवशी, तोही मानाचा. आमच्या सोयऱ्यांत बाई एक वेळ जेवण नाकारेल, आहेर नाकारत नाही. एक मावशी "रंग जरा..." इथपर्यंत आली आणि आक्कांच्या तोंडाकडे बघून पोह्यांना छान चव आलीय म्हणाली. अशा तऱ्हेनं मी स्वतः निवडलेली, स्वतःच्या पैशानं घेतलेली, आयुष्यातली पहिली साडी मला मिळाली ती आहेरात.

ब्लाउज आक्कांच्या मापाचा, माझ्या अंगावर झोळासारखा. पाठीमागून पिना लावून तो आवळला. वाढत्या अंगाचा. आक्कांनी माझी सायीची साडी उचलली, "उन्हाळ्याची बरी हाय," म्हणाल्या आणि नेसल्या.

मांडवात मी जांभळ्यात उभी राहिले. आभाळ कोसळलं नाही. दोन-चार नजरा आल्या, एका नजरेनं काठाचं कौतुकही केलं. मुलानं मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला. विहीणबाईंनी आपण दिलेली साडी आक्कांच्या अंगावर बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि चक्क सुटल्यासारखा श्वास टाकला. मला त्या क्षणी सगळं जग आवडत होतं. नवरा असता तर बाहेर हॉर्न वाजवत बसला असता, हेही आठवलं, आणि पापण्या ओल्या झाल्या त्या मी झेंडूच्या वासावर घातल्या.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. मुलीकडची एक म्हातारी बाई काठी टेकत बायकांच्या बाजूला आली. तिला कुणीतरी सांगितलेलं होतं की मुलाला वडील नाहीत. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आमच्या दोघींच्या साड्या बघितल्या आणि मला ओलांडून सरळ आक्कांपुढे जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेतला.

"लई वाईट झालं, माय. जायचं वय न्हवतं. आज असता तर किती खूष झाला असता."

आक्कांचे यजमान दहा पावलांवर जिलेबी वाढून घेत होते. मी हसू दाबून पुढे सरकले, आता आक्का म्हातारीची खरडपट्टी काढणार म्हणून सावरायला.  पण आक्कांनी हात सोडवून घेतला नाही. ती तोंडाळ बाई त्या अनोळखी म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. पंगतीत वाढपी थांबले. म्हातारी पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी गाड्या निघताना मी म्हटलं, "आक्का, त्या बाईंना सांगायचं ना, मी ती नव्हे म्हणून."

त्या गाडीत बसता बसता थांबल्या. साडीच्या निऱ्यांना हातानं उगाच झटकलं.

"कशाला सांगू? तेराव्याला समद्या साड्या तुला आल्त्या. माहा भाऊ गेल्ता. मला कोणी इचारलंच न्हाई."

सायीची ती साडी आक्कांनी अजून पुढे कुणाला दिलेली नाही. दरवर्षी त्याच्या तिथीला त्या तीच नेसून येतात आणि मी जांभळी नेसते. मागच्या वेळी आम्ही दोघी मिळून दुकानात गेलो होतो. दुकानदारानं मला बघितलं आणि सवयीनं द्यायच्या कपाटाकडे वळला.

"नेसायची," मी म्हटलं. "राणी रंगात. ह्यांना."